स्वतः बांधलेलं लिनक्स बूट होत नाही तेव्हा: पडद्यावरची शेवटची ओळ वाचायची कशी

लिनक्स फ्रॉम स्क्रॅच, म्हणजे एलएफएस, हे सोर्सपासून लिनक्स बांधायला शिकवणारं पुस्तक वापरून बांधलेली सिस्टिम पहिल्याच रीबूटला अडकली की बहुतेकांना वाटतं, मागे कुठलं तरी पॅकेज बिघडलं. ऐंशीच्या आसपास पॅकेजं सोर्सपासून कंपाइल केलेली असतात, त्यामुळे संशयाला जागा भरपूर. काही जण तर वैतागून पहिल्या प्रकरणापासून सगळं पुन्हा बांधायला घेतात. तसं अजिबात करू नका. दोष तिथे क्वचितच असतो.

सीएचरूटमध्ये, म्हणजे चालू लिनक्समधूनच तुमच्या नव्या सिस्टिमच्या फोल्डरला रूट मानून आत शिरलेले असताना, तुमचं बॅश चालत होतं, कंपायलर चालत होता, म्हणजे ते प्रोग्रॅम धड आहेत. पण त्या वेळी त्यांच्याखाली कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा लिनक्सचा गाभा, तुमचा नव्हता; होस्ट लिनक्सचा, म्हणजे ज्यावर बसून बांधणी केली त्याचा, होता. डिस्कचा ड्रायव्हर होस्टचा, /डेव्हमधल्या डिव्हाइस फाइल होस्टने तयार केलेल्या, फाइलसिस्टिम माउंट केलेली, म्हणजे वापरासाठी जोडलेली, होस्टनेच. रीबूट केल्यावर हा सगळा उसना आधार एकदम जातो आणि चार गोष्टी पहिल्यांदाच कामाला लागतात: बूटलोडर (कर्नल चढवणारा प्रोग्रॅम; इथे ग्रब), तुमचा कर्नल, इनिट (कर्नल सुरू करतो तो पहिला प्रोग्रॅम) आणि एफएसटॅब (कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं त्याची यादी). पहिल्या बूटचे जवळजवळ सगळे घोटाळे या चारांतलेच असतात, आणि त्यातला कुठला ते पडद्यावरची शेवटची ओळ सांगते.

म्हणून पहिलं काम म्हणजे त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढणं. फक्त शेवटच्या ओळीचा नाही, तिच्या वरच्या पंधरा-वीस ओळींचाही. कर्नल पॅनिकमध्ये, म्हणजे कर्नल पुढे जाऊच न शकल्याने थांबतो तेव्हा, खरं कारण अनेकदा वरच्या भागात असतं आणि खाली नुसता पत्त्यांचा ढीग दिसतो. व्हर्च्युअल मशिनवर बांधत असाल तर कर्नलच्या ओळीत "कन्सोल=टीटीवाय०" आणि "कन्सोल=टीटीवायएस०,११५२००" असे दोन्ही पर्याय द्या, म्हणजे सगळे संदेश सीरियल पोर्टवरून होस्टवरच्या एका फाइलमध्ये उतरतील. त्यासाठी ८२५० सीरियलचा ड्रायव्हर आणि त्याचा कन्सोल पर्याय कर्नलमध्येच हवा.

परत आत कसं शिरायचं

दुरुस्तीसाठी ६४-बिट लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता थेट चालणारं लिनक्स) हाताशी असली की निम्मी चिंता मिटते. तिच्यावरून बूट करा, तुमचं रूट पार्टिशन /एमएनटी/एलएफएसवर माउंट करा, वेगळं बूट पार्टिशन असेल तर तेही त्याच्या आतल्या /बूटवर माउंट करा. मग होस्टची /डेव्ह बाइंड माउंट करा, डेव्हपीटीएस, प्रॉक, सिसएफएस आणि रनसाठी टीएमपीएफएस चढवा आणि सीएचरूट करा. या पायऱ्या बांधणीच्या वेळी केल्या होत्या त्याच आहेत. एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा, कारण दुरुस्तीच्या दिवशी त्या पुन्हा पुन्हा लागतात.

यात सगळ्यात जास्त विसरलं जातं ते वेगळं बूट पार्टिशन. ते माउंट न करताच नवा कर्नल कॉपी केला, तर तो रूट पार्टिशनवरच्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये जाऊन पडतो. ग्रब मात्र खऱ्या बूट पार्टिशनवरचा जुनाच कर्नल उचलत राहतो. कॉन्फिगमध्ये दहा बदल केले तरी पडद्यावर तोच पॅनिक दिसतो. हे ओळखण्याची हुकमी खूण कर्नलच्या अगदी पहिल्या ओळीत असते. "लिनक्स व्हर्जन" असं सुरू होणाऱ्या त्या ओळीत # हे चिन्ह, त्यापुढे बिल्डचा क्रमांक आणि कंपाइल केल्याची तारीख-वेळ असते. क्रमांक वाढलेला नसेल, तर तुम्ही नवा कर्नल चालवतच नाही आहात. सीएचरूटमधूनही कर्नलच्या फाइलवर "फाइल" हा कमांड चालवला की हीच माहिती मिळते.

ग्रबच्या दारातच अडलं तर

ग्रब आलाच नाही, मशिन थेट बायॉस सेटअपमध्ये गेलं किंवा "बूट डिव्हाइस सापडत नाही" म्हणालं, तर आधी मशिन यूईएफआय या नव्या मोडमध्ये चालतं की जुन्या बायॉस मोडमध्ये, हे बघा. लाइव्ह यूएसबीवर /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर दिसत असेल तर यूईएफआय, नसेल तर बायॉस. मात्र हे उत्तर ती यूएसबी ज्या मोडमध्ये सुरू झाली त्याचं असतं. बूट मेनूमध्ये एकच यूएसबी दोनदा दिसत असेल, तर तिच्यापैकी एकच नोंद यूईएफआयची असते, तेव्हा नीट बघून निवडा.

एलएफएसच्या मुख्य पुस्तकातला ग्रब बायॉससाठी आहे. यूईएफआयचा भाग पुढच्या बीएलएफएस पुस्तकात येतो. जीपीटी (पार्टिशन टेबलची नवी पद्धत) डिस्क आणि बायॉस मोड अशी जोडी असेल, तर ग्रबला आपला मधला भाग ठेवायला १ एमबीचं वेगळं "बायॉस बूट" पार्टिशन लागतं. जीडिस्कमध्ये त्याचा कोड ईएफ०२. त्यावर कुठलीही फाइलसिस्टिम करायची नाही. ते नसेल तर ग्रब-इन्स्टॉल "एम्बेडिंग शक्य नाही" अशा अर्थाची तक्रार करून थांबतो. यूईएफआयमध्ये फॅट३२ केलेलं ईएफआय पार्टिशन हवं आणि सिक्युअर बूट बंद हवं, कारण तुमच्या ग्रबवर मशिनला मान्य असलेली सही नसते. काही मशिनचं फर्मवेअर बूटची नवी नोंद नीट जपत नाही. तिथे ग्रब-इन्स्टॉलला "--रिमूव्हेबल" हा पर्याय द्या, म्हणजे फाइल ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय या ठरलेल्या जागी जाते आणि फर्मवेअर नोंदीशिवायही ती उचलतं.

"ग्रब रेस्क्यू>" दिसलं, तर ग्रबचा गाभा चढला पण त्याला स्वतःचे मॉड्यूल सापडले नाहीत. "एलएस" टाइप करा. (एचडी०,जीपीटी१), (एचडी०,जीपीटी२) अशी यादी येईल. लक्षात ठेवा, ग्रब डिस्क शून्यापासून मोजतो आणि पार्टिशन एकपासून. एकेका पार्टिशनचं नाव देऊन, पुढे तिरकी रेघ लावून "एलएस" करत ग्रबचं फोल्डर शोधा. सापडलं की "सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब", मग "इन्समॉड नॉर्मल", मग "नॉर्मल". मेनू येतो. ही तात्पुरती सोय आहे; सिस्टिम वर आली की ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवायचं.

त्याऐवजी नुसतं "ग्रब>" दिसत असेल, तर मॉड्यूल सापडले पण ग्रब.सीएफजी ही फाइल सापडली नाही किंवा रिकामी आहे.

शोधताना सगळ्याच पार्टिशनवर "अननोन फाइलसिस्टिम" येत असेल आणि रूट एक्स्ट४ असेल, तर एक विशिष्ट शक्यता आधी तपासा. फेब्रुवारी २०२३ मधल्या ई२एफएसप्रॉग्ज (एक्स्ट४ची साधनं असलेलं पॅकेज) १.४७.० पासून नवी एक्स्ट४ फाइलसिस्टिम बनवताना मेटाडेटा_सीसम_सीड हे वैशिष्ट्य आपोआप चालू होतं, आणि ग्रब २.०६ ला ते कळत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ग्रब २.१२ ला कळतं. पार्टिशन अनमाउंट असताना लाइव्ह यूएसबीवरून ट्यून२एफएसने ते वैशिष्ट्य काढून टाकता येतं, किंवा ग्रब नवा घालता येतो. दुसरा मार्ग जास्त चांगला.

"फाइल सापडली नाही" ही ग्रबची तक्रार बहुधा पाथची असते. बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर त्या पार्टिशनच्या दृष्टीने कर्नल त्याच्या मुळातच असतो. म्हणून ग्रब.सीएफजीत /बूट/व्हीएमलिनझ… नाही, नुसतं /व्हीएमलिनझ… लिहायचं.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. ग्रब.सीएफजीत "रूट" दोनदा येतं. "सेट रूट=(एचडी०,२)" हे ग्रबसाठी आहे: कर्नलची फाइल कुठे आहे. "लिनक्स" या ओळीतलं "रूट=/डेव्ह/एसडीए२" हे कर्नलसाठी आहे: पूर्ण सिस्टिम कुठे आहे. दोन्ही वेगवेगळ्या पार्टिशनकडे बोट दाखवू शकतात, आणि एक बरोबर असलं म्हणजे दुसरं बरोबर असतंच असं नाही.

व्हीएफएस पॅनिक

आता सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार: "कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)".

उबुंटू, फेडोरा यांसारख्या तयार डिस्ट्रोमध्ये कर्नलबरोबर इनिटरॅमएफएस नावाची छोटी फाइलसिस्टिम मेमरीत चढते. तिच्यात ड्रायव्हर असतात, ती डिस्क शोधून देते आणि मग खरं रूट माउंट होतं. एलएफएसच्या पुस्तकाप्रमाणे बांधलेल्या सिस्टिममध्ये इनिटरॅमएफएस नसते. म्हणजे रूटपर्यंत पोचायला जे जे लागतं ते सगळं कर्नलच्या फाइलमध्येच बसवलेलं हवं. डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल, म्हणजे गरजेला चढणारी वेगळी फाइल, म्हणून कंपाइल केला तर तो /लिब/मॉड्यूल्समध्ये, म्हणजे त्याच डिस्कवर जातो, आणि ती डिस्क वाचायला तोच ड्रायव्हर लागतो. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावल्यासारखं. मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूत, अशा पर्यायांसमोर एम नको, ताऱ्याची खूण हवी; .कॉन्फिग फाइलमध्ये "=एम" नको, "=वाय" हवं.

कंसातले दोन आकडे म्हणजे डिव्हाइसचा मेजर आणि मायनर क्रमांक. (०,०) असेल तर "रूट="मध्ये दिलेलं डिव्हाइस कर्नलला सापडलंच नाही. (८,२) असेल तर एसडीए२ सापडलं, पण त्यावरची फाइलसिस्टिम वाचता आली नाही. एनव्हीएमई डिस्कच्या पार्टिशनना मेजर २५९ मिळतो. आकडे बघितल्याबरोबर निम्म्या शक्यता बाद होतात.

पॅनिकच्या थोडं वर "हिअर आर द अव्हेलेबल पार्टिशन्स" अशी ओळ आणि त्याखाली यादी असते. निदान खरं तर या यादीत असतं.

यादी पूर्ण रिकामी, किंवा त्यात फक्त सीडी ड्राइव्ह (एसआर०) असेल, तर डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही. लाइव्ह यूएसबीवर "एलएसपीसीआय -के" चालवा, स्टोरेज कंट्रोलर शोधा आणि त्याखालची "कर्नल ड्रायव्हर इन यूज" ही ओळ वाचा. एएचसीआय असेल तर सॅटा_एएचसीआय आणि एससीएसआय डिस्कचा पर्याय, म्हणजे बीएलके_डेव्ह_एसडी, दोन्ही लागतात. पहिला चालू करून दुसरा विसरणं फार सामान्य आहे. एनव्हीएमई असेल तर बीएलके_डेव्ह_एनव्हीएमई. केव्हीएमच्या व्हर्च्युअल मशिनवर व्हर्टआयओ डिस्क असेल तर व्हर्टआयओ_पीसीआय आणि व्हर्टआयओ_बीएलके, आणि डिस्कचं नाव एसडीए नसून व्हीडीए. इंटेलच्या अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर एनव्हीएमई डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे लपलेली असते. तिथे कर्नलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर घाला किंवा बायॉस सेटअपमध्ये व्हीएमडी बंद करा. त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल तर बंद करण्यापूर्वी विचार करा, कारण विंडोज बूट होणं थांबू शकतं.

यादीत एसडीए दिसतो, पण एसडीए१, एसडीए२ दिसत नाहीत? म्हणजे डिस्क दिसली, पण कर्नलला पार्टिशन टेबल वाचता येत नाही. जीपीटीसाठी ईएफआय_पार्टिशन हा पर्याय लागतो, मशिन बायॉस मोडमध्ये असलं तरी. नावात ईएफआय आहे म्हणून बायॉसवाले तो बंद करून टाकतात.

पार्टिशनं आहेत पण नाव वेगळं आहे, असंही होतं. बांधताना डिस्क यूएसबीने जोडलेली होती आणि एसडीबी होती. आता ती एकटीच आहे आणि एसडीए झाली. यावर पक्का उपाय पार्टयूयूआयडी. "बीएलकेआयडी" चालवलं की प्रत्येक पार्टिशनसमोर यूयूआयडी आणि पार्टयूयूआयडी असे दोन वेगळे क्रमांक दिसतात. इनिटरॅमएफएस नसताना कर्नलला "रूट=पार्टयूयूआयडी=…" समजतं, "रूट=यूयूआयडी=…" समजत नाही. यूयूआयडी फाइलसिस्टिमच्या आत लिहिलेला असतो आणि तो वाचून शोधण्याचं काम यूझरस्पेसमधले, म्हणजे कर्नलच्या बाहेर चालणारे, प्रोग्रॅम करतात. ते अजून सुरूच झालेले नसतात. दुसऱ्या डिस्ट्रोच्या ग्रब.सीएफजीतून ओळ उचलणारे इथे हमखास फसतात.

यूएसबी डिस्कवरून बूट करत असाल तर तिला जागं व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कर्नल हार मानतो. "रूटवेट" हा पर्याय द्या. मात्र डिव्हाइसचं नावच चुकलं असेल तर "वेटिंग फॉर रूट डिव्हाइस" असं म्हणत तो अनंत काळ थांबून राहील. तो हँग नाही, तुम्ही सांगितलेलं इमानाने करतोय. यूएसबीसाठी एक्सएचसीआय, यूएसबी_स्टोरेज आणि वेगवान डिस्कसाठी यूएएस, सगळे "=वाय" हवेत.

आकडे (०,०) नाहीत, पार्टिशनही यादीत आहे आणि तरी पॅनिक, तर फाइलसिस्टिमचा पर्याय बघा: एक्स्ट४_एफएस, एक्सएफएस_एफएस किंवा बीटीआरएफएस_एफएस, जी असेल ती, "=वाय".

कॉन्फिग बदलताना .कॉन्फिग फाइलमध्ये हाताने ओळ घालू नका. त्या पर्यायाला लागणारा दुसरा पर्याय बंद असेल तर पुढच्या "मेक"ला तुमची ओळ गुपचूप गळून पडते. मेन्यूकॉन्फिगमध्ये / दाबून नाव शोधा. कशावर अवलंबून आहे, ते तिथेच दिसतं. बदल झाल्यावर ग्रेपने खात्री करा आणि मगच कंपाइल करा.

रूट एलव्हीएमवर किंवा लक्सने एन्क्रिप्ट केलेलं असेल, किंवा /यूएसआर वेगळ्या पार्टिशनवर असेल, तर इनिटरॅमएफएसला पर्याय नाही. पहिल्याच बांधणीत मात्र हे टाळा. साधं एक्स्ट४ रूट आधी बूट होऊ द्या.

पडदा काळा

ग्रबनंतर काहीच दिसत नाही, पण मशिन चालू आहे. अनेकदा कर्नल धडधाकट चालत असतो, फक्त लिहायला त्याला पडदा नसतो. ग्रब मेनूवर "ई" दाबून कर्नलच्या ओळीत "नोमोडसेट" जोडा आणि "क्वायट" असेल तर काढा. तरीही काळाच, तर फ्रेमबफर कन्सोल आणि सिंपलडीआरएम हे दोन पर्याय, आणि सिंपलडीआरएमला लागणारा सिसएफबी_सिंपलएफबी, कर्नलमध्ये आहेत का ते बघा. "नोमोडसेट"ने दिसायला लागलं, तर ग्राफिक्स ड्रायव्हर संशयित. एएमडीजीपीयू ड्रायव्हरला फर्मवेअरच्या फाइल लागतात. तो "=वाय" केला तर रूट माउंट होण्याआधीच तो त्या मागतो, आणि त्या तर डिस्कवर असतात. म्हणून नियम उलटा: डिस्कचे ड्रायव्हर आत, ग्राफिक्सचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बाहेर.

रूट मिळालं, इनिट पडलं

"नो वर्किंग इनिट फाउंड" आलं तर अभिनंदन करायला हरकत नाही: डिस्क, पार्टिशन, फाइलसिस्टिम सगळं पार झालं. आता /एसबिन/इनिट मिळत नाही. आधी बघा, "रूट=" चुकून बूट किंवा होम पार्टिशनकडे तर नाही ना. मग सीएचरूटमध्ये ती फाइल आहे का आणि चालते का ते बघा. इनिट जागेवर असूनही "एरर -२" दिसत असेल, तर /लिब६४मधली डायनॅमिक लोडरची लिंक तुटलेली असू शकते. "एरर -८" म्हणजे कर्नलला तो प्रोग्रॅम चालवता येत नाही. ६४-बिट सिस्टिमवर ३२-बिट कर्नल बांधला गेला की असं होतं.

"अटेम्प्टेड टू किल इनिट!" याच्या पुढचा एक्झिटकोड वाचायला शिका. ०एक्स००००७एफ०० म्हणजे इनिट १२७ देऊन बाहेर पडला, बहुधा एखादी शेअर्ड लायब्ररी सापडली नाही; तिचं नाव वरच्या ओळीत असतं. कोडच्या शेवटी बी, म्हणजे सिग्नल ११, चुकीच्या मेमरीला हात लागला. शेवटी ४, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना: "-मार्च=नेटिव्ह" देऊन एका मशिनवर बांधलं आणि जुन्या प्रोसेसरच्या मशिनवर चालवलं. या शेवटच्या एका प्रकरणात मात्र पॅकेजं खरोखर पुन्हा कंपाइल करावी लागतात.

"अनेबल टू ओपन अॅन इनिशिअल कन्सोल" हा इशारा आला की डेव्हटीएमपीएफएस आणि डेव्हटीएमपीएफएस_माउंट हे दोन्ही चालू करा. पहिला चालू आणि दुसरा बंद असेल तर /डेव्ह रिकामीच राहते.

एफएसटॅब आणि स्क्रिप्ट

सिसव्ही पद्धतीच्या (साध्या स्क्रिप्टवर चालणारं जुनं इनिट असलेल्या) एलएफएसमध्ये फाइलसिस्टिम तपासणीत दुरुस्त न होणारी चूक आली, की स्क्रिप्ट एंटर दाबायला सांगते आणि मशिन बंद करते. बऱ्याचदा फाइलसिस्टिमला काही झालेलं नसतं, एफएसटॅबमध्ये डिव्हाइसचं जुनं नाव राहिलेलं असतं. इथे यूयूआयडी बिनधास्त वापरा, कारण आता यूझरस्पेस चालू आहे. सिस्टिमडी या दुसऱ्या प्रकारच्या इनिटवर हेच चुकलं तर "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" म्हणत दीड मिनिट मोजणी चालते आणि मग इमर्जन्सी मोड येतो. बूटसाठी गरजेच्या नसलेल्या पार्टिशनला "नोफेल" द्या. ईएफआय पार्टिशन माउंट होत नसेल तर कर्नलमध्ये व्हीफॅटबरोबर कोडपेज ४३७ आणि आयएसओ ८८५९-१ हे एनएलएसचे पर्याय आहेत का, ते बघा.

एवढ्यासाठी लाइव्ह यूएसबी काढायची गरज नाही. ग्रबमध्ये "ई" दाबून कर्नलच्या ओळीत "इनिट=/बिन/बॅश" जोडा. थेट शेल मिळतो. रूट तेव्हा फक्त वाचण्यापुरतं असतं, म्हणून "माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /" करा, एफएसटॅब दुरुस्त करा, पुन्हा "रीमाउंट,आरओ" करा आणि "एक्झेक /एसबिन/इनिट" चालवा. "एक्झिट" करू नका. ते बॅशच पहिली प्रोसेस आहे, ते संपलं की पॅनिक. रूटचा पासवर्ड द्यायला विसरलात आणि लॉगिनला अडलात, तर तोही याच शेलमधून "पासडब्ल्यूडी"ने देता येतो.

कर्नल दुरुस्त करताना जुना पुसू नका. जनरल सेटअपमध्ये लोकलव्हर्जनला "-२", "-३" अशी शेपटी द्या. मग प्रत्येक बांधणीचे मॉड्यूल आपापल्या फोल्डरमध्ये जातात. कर्नलची फाइलही त्याच नावाने कॉपी करा, ग्रब.सीएफजीत तिची वेगळी नोंद घाला आणि टाइमआउट निदान ५ सेकंद ठेवा, म्हणजे नवा कर्नल अडला तर मागचा निवडायला वेळ मिळतो.